मुशीचं तेल प्यालेली सायकल

मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजलं की होडीचं लाकूड समुद्राला दाद देत नाही.

भागीच्या डाव्या खांद्यावर एक घट्टा आहे. तो माशांच्या पाटीचा नाही.

पालघरच्या एका सरकारी कचेरीचा व्हरांडा सिमेंटचा आहे, गुळगुळीत.

मुंबईतल्या एका संस्थेत खिडकीजवळची खाट रिकामी आहे. खिडकीतून भिंत दिसते.

रबराला तेल चालत नाही.

ह्या सगळ्याच्या मधोमध हाताने चालवायची तीनचाकी सायकल उभी आहे आणि तिच्यावर हंसा बसली आहे. सायकल हलत नाही.

*

हंसाचे पाय लहानपणी तापात गेले. तारापूरजवळच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वाडीत, ती भावाकडे राहायची. कमलाकांत तिचा भाऊ, भागी वहिनी. बोंबील निवडायला आणि गिऱ्हाईकाशी घासाघीस करायला हंसाचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण घरापासून डांबरी रस्त्यावरच्या बाजारापर्यंत मध्ये नुसती वाळू. तिथे भागी तिला पाठीवर न्यायची, हंसाचा भार डाव्या खांद्यावर घेऊन. दोघी वाटभर भांडायच्या आणि भांडताना भागीचा पाय कधी अडायचा नाही.

मग अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं. भागीला तिथे घमेली उचलायचं काम लागलं. उजाडता जाणार, दिवेलागणीला येणार. आता हंसाला कोण उचलणार?

तोवर सरकारी मदत जायची ती संस्थेकडे. माणूस संस्थेत राहायला गेला की त्याच्या नावाचं अनुदान तिकडे. घरात राहणाऱ्याला काही नाही. त्या वर्षी पालघरच्या कचेरीने उलटं करून बघायचं ठरवलं: माणूस जागेवर राहू दे, साधन त्याच्याकडे जाऊ दे. पहिली सायकल हंसाला मिळाली. अट एवढीच, की ती वापरात दिसली पाहिजे. नाही दिसली तर सायकल परत आणि हंसासाठी मुंबईची खाट.

कचेरीच्या व्हरांड्यात हंसाने सायकल अशी पळवली की कारकून चहा सोडून बघायला आले.

*

वाडीत सायकल आली ती बैलगाडीतून. सगळ्यांनी हात लावून पाहिला. साखळी कुठून कुठे जाते, घंटी आतून कशी वाजते, मागे जाते का. वामनतात्या, वाडीतला सगळ्यांत जुना तांडेल, होडीचा म्होरक्या, चाकांशी उकिडवा बसला आणि त्याने विचारलं, हिचं नाव काय ठेवणार?

नवीन होडीचं जे करतात ते सायकलीचं झालं. हळदकुंकू, नारळ. आणि कमलाकांतने तिला मुशीचं तेल पाजलं. दांड्याला, सीटखालच्या फळीला, आणि बहिणीच्या सायकलीत काही कमी नको म्हणून टायरांनाही. एक हात दिला, उन्हात ठेवली, परत दिला. भागी म्हणाली, मांजरं हिची पाठ सोडणार नाहीत. ते खरं झालं. पण रबर फुगून मऊ पडेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. होडीला रबर नसतं.

पालघरच्या कचेरीतले साहेब, खंडेराव, पाहणीला आले त्या दिवशी एक टायर चाकावरून ओघळून आतड्यासारखं लोंबत होतं. उरलेली दोन चाकं वाळूत रुतली होती. हंसा वर बसून हात फिरवत होती.

खंडेराव रागावले नाहीत. त्यांनी आधी वास घेतला, मग टायर बोटाने दाबून पाहिलं, मग हंसाला उतरवायला सांगून स्वतः सायकलीवर बसले. पँट तेलकट झाली. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी सायकल हलली नाही.

"टायर धड असती तरी?" त्यांनी विचारलं.

"तरी नाय," हंसा म्हणाली. "पयल्या दिवशी पन नाय चालली. तुमच्या व्हरांड्यात वाळू कुठं हाय, साहेब?"

खंडेराव तसेच वर बसून विचार करू लागले. सायकल द्यायला सरकारकडे तरतूद होती. वाटेला नव्हती. वाट दुसऱ्या खात्याची, आणि त्या खात्याला हंसा माहीत नव्हती. त्यांनी जरा चाचरत मुंबईचा विषय काढला. संस्था चांगली आहे, म्हणाले. शिवणकाम शिकवतात. खाट तर खिडकीजवळच आहे.

भागीला त्या दिवशी सुट्टी होती, ती खाली बसून बोंबील धूत होती. तिने मान वर केली नाही.

"भिंत दिसत असंल."

"तुम्हाला काय ठाऊक?" खंडेराव हसले.

भागीने पाणी बदललं. हंसा तिच्याकडे बघत राहिली.

"वयनी, मला जायचं नाय."

"मी कुठं जा म्हनलं?"

खंडेराव आठवड्याने परत येतो म्हणाले. नवीन टायर मागवून बघतो, वाटेचं मात्र माझ्या हातात नाही.

*

वामनतात्याची जुनी होडी कित्येक वर्षं किनाऱ्यावर पालथी पडली होती. तिचं लाकूड चुलीसाठी मागायला आलेल्यांना त्याने शिव्या देऊन हाकललं होतं. खंडेराव गेल्यावर तो सायकलीभोवती एक फेरी मारून म्हणाला, तेल पाजलंत, नारळ फोडलात, मग वाळूत ढकलता कशाला? होडी किनाऱ्यावर ओढायची तर खाली लाकूड घालतोच ना आपण.

दुसऱ्या दिवशी होडी फळी फळी सुटी केली गेली. फळ्या हंसाच्या दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत एकाला एक लावून अंथरल्या. जुनं तेल मुरलेल्या, काळ्या. त्यांवरून टायर काढलेली लोखंडी चाकं कडकड वाजत निघाली. जिथे फळी बाकदार होती तिथे हंसा एका बाजूला कलायची आणि शिवी द्यायची.

खंडेराव टायर घेऊन आले तेव्हा ती रस्त्यावर बोंबील विकत होती. त्यांनी तिच्या दारापर्यंत फळ्यांवरून चालून पाहिलं, परत आले, एका फळीवर उडी मारून पाहिली. ह्या फळ्यांना कागदावर काय म्हणायचं, हे त्यांनी वामनतात्याला विचारलं.

"होडी म्हना," तात्या म्हणाला.

खंडेरावांनी 'रस्ता' लिहिलं. मुंबईची खाट दुसऱ्या कुणाला देतो म्हणाले. हंसाने त्यांना बोंबील दिले आणि भावात काही सोडलं नाही.

भागी त्या दिवशीही कामावर गेली नव्हती. ती सायकलीमागे घरी चालत आली, हात मोकळे, कधी पदर सारखा करत, कधी ते मागे बांधत.

सायकल येण्याआधी, होळीच्या सुमारास, भागी कुणाला न सांगता मुंबईला जाऊन ती खाट बघून आली होती.