ओळखीचा हात

हॉस्पिटलच्या लाँड्रीत अकरा बायका कामाला होत्या आणि बावीस वर्षं तिथं काढलेली मावशी त्यांची प्रमुख होती. मावशी तिला सगळ्याच म्हणायच्या, पण सख्खी मावशी ती एकीचीच. बहिणीच्या मुलीला तिनं गेल्या वर्षी शब्द टाकून इथं लावलं होतं. "माझ्या नजरेसमोर राहील," असं बहिणीला छातीठोक सांगून.

पार्किंगमध्ये एका नर्सच्या मागे कुणी अनोळखी माणूस लागला, तेव्हा ऑफिसला जाग आली. बायकांना स्वसंरक्षण शिकवायचं ठरलं. क्लास कुठला लावायचा ते ज्या त्या विभागानं बघावं, असं साहेबांनी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी मावशी भाचीला घेऊन दोन क्लास बघून आली.

पहिला मोठ्या हॉलमध्ये होता. भिंतभर आरसे आणि काळ्या गणवेशातले सर. त्यांनी रबरी सुरा हिसकावून दाखवला, दोन धट्टेकट्टे गडी लोळवले. "मनगट धरलं? अंगठ्याच्या बाजूनं असं पिरगाळायचं," ते म्हणाले आणि धरणारा खटकन गुडघ्यावर आला. मावशीनं न राहवून टाळी वाजवली.

दुसरा वाचनालयाच्या माडीवर होता. शिकवणारी एक जाडजूड बाई, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती म्हणे. तिथं बायका एकमेकींसमोर उभ्या राहून नुसतं "हात सोड" म्हणत होत्या. आधी हळू, मग खोली दणाणेल एवढ्या मोठ्यानं. नंतर एक जण शेजारी झाली, हसत, लाडीगोडी लावत दुसरीला ओढू लागली. दुसरीनं ओरडायचं, लाथ मारायची, चावायचं, काहीही करून दार गाठायचं. कुणी झोकात पडत नव्हतं. एकीचे केस सुटले, एक तर रडायलाच लागली. मावशीला अवघडल्यासारखं झालं.

निघताना भाचीनं विचारलं, "पण माणूस ओळखीचा असला तर? म्हणजे... रोजचा?"

कंडक्टरबाई तिच्याकडे बघत राहिली. "बहुतेक वेळा रोजचाच असतो, बाळा. म्हणून तर आधी आवाज."

"आमच्याकडं सगळे घरच्यासारखे आहेत हो," मावशी हसून म्हणाली आणि भाचीच्या दंडाला धरून जिना उतरली.

रस्त्यात भाची म्हणाली, "मला ही बाई बरी वाटली."

"अगं, ओरडायला काय शिकायचंय? तुझी आई काय क्लासला गेली होती?"

भाची हसली नाही. मावशीनं सरांचं नाव कळवून टाकलं.

दोन महिने क्लास झाला. प्रमाणपत्रं मिळाली, साहेबांसोबत फोटो निघाले. मनगटाचा डाव भाचीला सगळ्यांत छान जमायचा. सर इतर बायकांना सांगायचे, हिच्याकडे बघा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ड्रायर दुरुस्त करायला मेकॅनिक आला. नऊ वर्षं तोच यायचा. बोलघेवडा माणूस, प्रत्येकीच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, मावशीला "सरकार" म्हणायचा. बाकीचे सगळे ड्रायर धडधडत होते. जाळी साफ करायला म्हणून भाची मागच्या बाजूला गेली आणि थोड्या वेळानं उजवा हात पोटाशी धरून बाहेर आली. चेहरा पार उतरलेला. "पडले," एवढंच म्हणाली.

प्लॅस्टर ओलं असताना ती खरं बोलली.

"डाव नाही लागला, मावशी. त्यानं हात धरला, मी शिकवल्यासारखा पिरगाळला. तो हसला. म्हणाला, अरे वा, कुस्ती! आणि उलटा पिरगाळला. ट्रॉलीच्या कडेवर आपटला हात."

"ओरडली का नाहीस गं? मी तीस पावलांवर होते!"

"मला वाटलं लागेल डाव. रोज लागायचा." मग खाली बघत म्हणाली, "तुझाही तो लाडका. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?"

"कधीपासून?"

"क्लास बघायला गेलो ना, त्याच्या आधीपासून."

मावशी तिच्या शेजारी बाकावर बसली.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "पाय चुकीचा टाकला असेल तिनं."

मावशीनं हात पुढे केला. "धरा. खरंखुरं धरा."

त्यांनी धरला. तिनं पिरगाळला, हिसके दिले, सगळं अंग पणाला लावलं. हात जागचा हलला नाही. सरांनी मूठ सोडली तेव्हा मनगटावर चार बोटं उमटली होती. सर ओशाळले. "खरं सांगू का मावशी, इथं धरणाऱ्याला सोडायचं माहीत असतं," ते हळूच म्हणाले.

भाचीनं तक्रार लिहवून घेतली आणि डाव्या हातानं सही केली. साहेब म्हणाले, "ही सही जुन्या सहीशी जुळत नाही." मावशी त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "उजवा हात कुणी मोडलाय ते तर लिहिलंय ना त्यात!" तेव्हा कुठं कागद आत गेला. मेकॅनिक म्हणाला, पोरीचा पाय घसरला, मी तर उचलायला गेलो होतो. अकरा जणींतल्या दोघी म्हणाल्या, तो तसला नाही. पंधरा दिवसांपूर्वी मावशीही हेच म्हणाली असती. चौघी मात्र एकेकट्या तिला गाठून, त्यानं आपल्यालाही कसं धरलं होतं ते सांगून गेल्या. चौकशी लांबली. मेकॅनिकला तोवर दुसऱ्या इमारतीत पाठवलं. तिथंही बायका होत्याच.

त्या चौघींना घेऊन मावशी वाचनालयाची माडी चढली. कंडक्टरबाईनं त्यांना रांगेत उभं केलं. अकरा जणींवर दिवसभर खेकसणाऱ्या मावशीच्या तोंडून "हात सोड" निघेना. खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला.

दुसऱ्या आठवड्यात बाईनं तिला ओढणारा माणूस व्हायला सांगितलं. मावशीनं समोरच्या, आपल्याच लाँड्रीतल्या बाईचा दंड धरला. "अगं, चेष्टा करतोय. एवढं काय? आपण काय परके आहोत?" शब्द आपसूक येत गेले, एकही आठवावा लागला नाही. ती बाई सवयीनं हसली, आणि हसता हसता थबकली. मावशीनं हात काढून घेतला.

"थांबू नका," कंडक्टरबाई म्हणाली. "तो थांबणार नाही. पुन्हा धरा."

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात मावशी बहिणीकडे गेली. बहिणीनं पाणी दिलं, पण समोर बसली नाही. भाची खिडकीशी बसून रबरी चेंडू दाबत होती. बोटं अर्धवटच मिटत होती. कपडा अजून पिळता येत नव्हता, आणि लाँड्रीत परत जायचं नाही हे तिनं सांगून टाकलं होतं.

"त्या बाईंच्या क्लासला येशील?" मावशीनं विचारलं. "मी आणायला येईन."

"तुला येतं का ओरडता?"

"नाही अजून. घशातच अडकतं."

"मग जात राहा," भाची म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "माझं मी बघेन."

बहीण आतून म्हणाली, शेवटची बस सहाला असते. मावशीनं चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं तर भाची मान खाली घालून चेंडू दाबत होती, ओठ घट्ट मिटून.