दुपारी नेट जाते काहून

नीतूने तलावाच्या पाळीवर कॅमेरा बसवला त्याला नऊ दिवस झाले होते. त्यातले पाच दिवस तो दुपारी बंद पडला होता.

तलाव गावच्या मच्छीमार सोसायटीचा. रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडलं की पुढचे तीन महिने जाळं टाकायचं नाही, गरी म्हणजे गळही लावायचा नाही, हा नियम. तरी यंदा कुणीतरी दिवसाढवळ्या मच्छी काढत होतं. पाळीवर ताजे खवले सापडायचे. सोसायटीचे अध्यक्ष गोपीचंद यांनी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं, "जो सापडन, त्याचं जाळं एक हंगाम बंद. मंग तो माह्या घरचा असो का कोनाच्या!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या बुधरामने. सत्तरीचा गडी, सोसायटीचा सर्वांत जुना सभासद आणि नीतूचा आजोबा. त्यानेच उभं राहून म्हटलं, "आमची नीतू कॅमेरा लावून देते."

नीतूने भंडाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. नोकरीची पत्रं टाकून ती घरी वाट बघत होती. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला एक छोटा कॉम्प्युटर तिच्याकडे होता. एकच हिरवी पट्टी, पत्त्यांच्या कॅटाएवढी. तो तिने प्लास्टिकच्या डब्यात बसवून पाळीवरच्या राखणदाराच्या जुन्या, रिकाम्या खोलीत ठेवला. शेजारी बॅटरी ठेवली, म्हणजे लाइट गेली तरी चालावा. कॅमेरा वायरने खिडकीत आणला. त्या जुन्या पट्टीत वायफाय नव्हतं, म्हणून अंगठ्याएवढा अडॅप्टर खोचला. घर पाळीपासून दीडशे पावलांवर. घरातला राउटर खिडकीत ठेवला की तिथवर नेट कसंबसं पोचायचं. दर मिनिटाला तलावाचा एक फोटो सोसायटीच्या मोबाईल-ग्रुपवर जाऊन पडायचा.

पहिले तीन दिवस ग्रुपवर पाणी, पाणी आणि एक बगळा. चौथ्या दिवशी पाऊस झाला, खोलीचं छत गळलं आणि फोटो थांबले. नीतू धावत गेली, तर आजोबाने डब्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलेलं.

"पानी ठिपकून राह्यलं होतं ना बाई. म्हटलं, तुह्या मशीनले सर्दी नको व्हाले."

"आबाजी, लोखंडातून नेट जात नाही. काढा ते."

बुधरामने घमेलं काढलं. फोटो पुन्हा सुरू झाले. नीतूने छताला प्लास्टिकची पन्नी ठोकली आणि ती गोष्ट विसरून गेली.

पाचव्या दिवसापासून दुपारी सव्वाच्या सुमाराला नेट जायला लागलं.

पहिल्या वेळी ती जेवणावरून उठून गेली. पाळीवर चढेपर्यंत अडॅप्टरचा निळा दिवा लुकलुकत होता, सगळं सुरळीत. मशीन राखायला म्हणून रोज येणारा बुधराम चिंचेखाली टॉवेल तोंडावर टाकून घोरत होता. ती घरी परतली आणि दहाव्या मिनिटाला नेट पुन्हा गेलं.

तिला वाटलं, चार्जर कमजोर असेल. अडॅप्टर वीज जास्त ओढतो. वीज कमी पडली की सगळ्यांत आधी तोच मान टाकतो. तिने अड्याळच्या बाजारातून दणकट चार्जर आणला. दुसऱ्या दिवशी सव्वाला नेट गेलं. मग तिने अडॅप्टरची वीज वाचवायची सवय बंद केली. काम नसलं की ही उपकरणं डुलकी घेतात, हे तिला माहीत होतं. सव्वाला नेट गेलं. पुढच्या दिवशी तिने लॅपटॉप मांडीवर घेऊन अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला. जुना काढला, नवा चढवला, तो चढेना, पुन्हा काढला. सकाळ त्यात गेली.

बुधराम शेजारी बिडी ओढत बसला होता. "कायले येवढा जीव काढून राह्यली? मी सांगतो रोग."

"सांगा."

"ऊन. दुपारी मानूस झोपते, बैल झोपते. तुहं मशीन बी झोपते."

बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं. डबा बंद, वरून पत्रा. नीतूने डब्याला भोकं पाडली, एक लहान पंखा बसवला. आजोबाने भोकं पाडताना डबा धरला, "अजून एक पाड, इकडून हवा येत नाही," असंही सुचवलं. सव्वाला नेट गेलं.

ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, 'इंजिनियर बाई, चोराची जेवणाची सुट्टी झाली का?' खाली वीस जणांचे हसरे चेहरे. नीतूने मोबाईल उपडा ठेवला.

त्या संध्याकाळी तिने बदलायचं सोडून फक्त बघायचं ठरवलं. अडॅप्टरला नेट किती जोरात मिळतं आणि डब्यात किती गरम होतं, हे दर सेकंदाला लिहून ठेवायला तिने कॉम्प्युटरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत बसून तिने ती यादी उघडली. गरमी सकाळइतकीच. नेटचा जोर मात्र एक वाजून चौदा मिनिटांनी एका सेकंदात तळाला गेला होता आणि पावणेदोनला एका सेकंदात वर आला होता.

ऊन असं एका सेकंदात चढत नाही. असं फक्त झाकण पडतं.

नीतू कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या घमेल्याकडे.

एकच काम बाकी होतं. तोवर कॉम्प्युटर फोटो काढायचा आणि पाठवून लगेच पुसायचा. नेट नसेल तर नुसताच पुसायचा. तिने ते बदललं. नेट नसताना दर दहा सेकंदांनी फोटो काढ आणि मेमरी कार्डात जपून ठेव. आजोबाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं आणि ओढणी तोंडात कोंबली.

बुधराम होता, गरी होती. एका फोटोत दोर ताणलेला, एकात हातभर मरळ पाण्याबाहेर. आणि मग, कॅमेरा आंधळा झालाय या खात्रीने, तो खिडकीसमोर आला होता. काचेत बघून मिशा नीट केल्या होत्या. पुढच्या फोटोत मरळ गालाला लावलेली. त्याच्या पुढच्यात कॅमेऱ्याला ठेंगा दाखवत होता, अगदी जवळून, दात नसलेलं पूर्ण तोंड उघडून. असे एकंदर सतरा फोटो कामाचे होते.

ग्रुपवर टाकावे तर आजोबाचं जाळं बंद. न टाकावे तर हा म्हातारा डबा धरून भोकं पाडायला लावून गेला, त्याचं काय? नीतू सरळ चुलीपाशी, आजी रेवताबाईकडे गेली आणि लॅपटॉप तिच्यापुढे धरला.

रेवताबाईने सतराच्या सतरा फोटो दोनदा पाहिले. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आन् मले सांगते, मरळ केवळरामनं देल्ली! काय करू म्हंते तू?"

"तू रागावते तसं रागाव. मी रेकॉर्ड करतो."

"खरोखर रागावू?"

"एकदम."

रेवताबाईला तयारी लागली नाही. पहिल्याच दमात सगळं निघालं.

नीतूने डब्यात एक छोटा स्पीकर बसवला आणि कॉम्प्युटरला नवं काम दिलं: नेट जाऊन दोन मिनिटं झाली, की आजी वाजव, आणि नेट येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा वाजव.

दुपार झाली. बुधरामने इकडेतिकडे पाहिलं, डब्यावर घमेलं घातलं, गरीला गांडूळ लावलं आणि पाण्याच्या काठाला उकिडवा बसला. दोन मिनिटांनी खोलीतून, लोखंडात घुमून दुप्पट झालेला, आवाज आला:

"आयकून राह्यले का जी! कोनाच्या मच्छ्या धरून राह्यले तिथं? लाज नाही वाटत? गरी ठेवा खाली! मी पाहून राह्यलो!"

नंतरचे फोटो नीतूने बरेच दिवस जपून ठेवले. पहिल्यात बुधराम उभा. दुसऱ्यात बुधराम नाही, नुसतं उडालेलं पाणी. तिसऱ्यात कमरेइतक्या पाण्यात, हात जोडून, चारी दिशांना बघताना.

तो निथळत घरी आला, तेव्हा रेवताबाई ओसरीत वाल सोलत होती.

"तू... तू आता कुठं होती?"

"मी कुठं जातो? सकाळपासून इथंच हावो. तुमी काहून वले झाले?"

"पाय घसरला," बुधराम म्हणाला आणि कपडे बदलायला गेला. रात्री त्याने भात अर्धाच खाल्ला. पुढले दोन दिवस नेट एकदाही गेलं नाही. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, 'अखेर दुरुस्त झालं म्हणायचं.' नीतूने स्पीकर काढला नाही. आजोबाला ती ओळखून होती. भीती चार दिवस पुरते, मरळीची चव जास्त.

पण तिसऱ्या दिवशी वेगळंच घडलं. सकाळी साडेदहाला गावाची लाइट गेली. घरातला राउटर बंद, त्यामुळे पाळीवरचं नेट बंद, ग्रुपवर फोटो बंद. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालूच होता. पंखा नाही म्हणून तिघं ओसरीत येऊन बसले होते. बुधराम जाळ्याची गाठ मारत होता, म्हणजे तलावावर तो नव्हता.

पंधरा-वीस मिनिटांनी अध्यक्ष गोपीचंद धापा टाकत अंगणात आले. चप्पल एकाच पायात, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यांना बघताच बुधराम उठून आत, दाराआड झाला. त्याला वाटलं, आलं आपलं बोलावणं.

गोपीचंद रेवताबाईसमोर उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "काकू, तुमी पाह्यलं. मले मान्य हाय."

रेवताबाईने नीतूकडे पाहिलं. नीतूने भुवया वर केल्या. रेवताबाईला एवढं पुरलं. ती वाल सोलत शांतपणे म्हणाली, "पाह्यलं तं पाह्यलंच. आता बोला."

"एकच कतला होता, काकू. मागच्या सालचा, बीजातला नाही. घरी सोयरे आले. फोटो बंद झाले दिसले म्हनून गेलो. पहिल्यांदाच गेलो."

"पहिल्यांदाच?"

"बरं, चवथ्यांदा. पन मीटिंगमंधी बोलू नका. साऱ्यांसमोर हात आपटला म्या तिथं..."

आता दाराआडून बुधराम बाहेर आला. छाती पुढे, मिशीवर बोट. "काय अध्यक्ष? एक हंगाम जाळं बंद, असंच ठरलं होतं नाही का? मंग तो कोनाच्या बी घरचा असो!"

गोपीचंदांचा चेहरा पार उतरला. बुधराम आणखी काही बोलणार होता, तेवढ्यात नीतूने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"आबाजी, तुमचे सतरा हायेत. ठेंग्याचा मोठा करून दाखवू?"

बुधरामने स्वतःचा ठेंगा बघितला. मरळ गालाला लावलेली बघितली. पाण्यात हात जोडलेले बघितले. मग तो हळूच खाली बसला. अध्यक्षांनी मान वाकवून लॅपटॉपमध्ये डोकावलं आणि त्यांच्या नाकातून आवाज निघाला. तो दाबता दाबता त्यांना उचकी लागली. शेवटी रेवताबाईने दोघांना पाणी दिलं.

"डब्ब्यात म्या बोललो व्हतो," तिने अध्यक्षांना सांगून टाकलं. "पन तुमच्यासाठी नाही. ह्या मानसासाठी."

नीतूची अट एकच होती. "मी ग्रुपवर काहीच टाकत नाही. पन मीटिंगमंधी तुमीच उभं राहून सांगा. दोघंबी. आन् मशीन चांगलं होतं, हे बी सांगा."

"हे जड हाय, पोट्टे," गोपीचंद म्हणाले.

"मले पाच दिवस जड गेलं."

रविवारी बैठक झाली. आधी अध्यक्ष उठले. त्यांनी टेबलावर हात आपटला नाही. चार कतले, चारही वेळा कधी आणि कुठे, सगळं सांगितलं. मग बुधराम उठला, आणि घमेल्यापर्यंत आला तेव्हा लोक हसून हसून खुर्च्यांवरून वाकले. कुणीतरी फोटोच मागितले. नीतू म्हणाली, "शब्द देल्ला हाय." हसणं ओसरल्यावर म्हाताऱ्याने आपली बाजूही मांडली: त्याने रोहू-कतल्याला हात लावला नव्हता, नुसती मरळ धरली होती, आणि मरळ तर बीज खाते, ती कमी झाली तर सोसायटीचंच भलं. हे सगळ्यांना पटलं. पण नियम तो नियम. अध्यक्षांचं जाळं एक हंगाम बंद झालं, बुधरामचं अर्धा हंगाम, आणि बीजाच्या महिन्यांत मरळ गरीने धरायला मोकळीक मिळाली. नीतूला पुढच्या कॅमेऱ्याचंही काम दिलं गेलं, तलावाच्या पलीकडच्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाळीवर केबल ओढत होती. बुधराम उघड्यावर गरी टाकून बसला होता; ग्रुपवर त्याचे फोटो मिनिटामिनिटाला जात होते. तासभर झाला, मच्छी लागली नव्हती.

"आबाजी, मरळ बीज खाते, हे आधीच सांगितलं असतं तं? पहिल्याच दिवशी परवानगी भेटली असती."

बुधरामने दोर ओढून गांडूळ बघितलं आणि पुन्हा पाण्यात टाकलं.

"भेटली असती," तो म्हणाला. "पन विचारून धरलेल्या मच्छीले चव नसते, बाई."

नीतू हसली आणि केबलचं दुसरं टोक उचलून पाळीवरून पलीकडे चालू लागली.