एकच येतो

"विचारतील तेवढंच सांगा. पदरचं काही घालू नका," असं लेकीच्या वकीलबाईने आईला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आईने मान डोलावली. पण तोंडाला कुलूप घालणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

प्रश्न भिंगरीचा होता. लहानगी नात लेकीकडे राहणार की जावयाकडे, हे कोर्टाला ठरवायचं होतं. घटस्फोट अजून लोंबकळतच होता. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. भिंगरी शनिवारी बापाकडे गेली, की त्याच दुकानात फ्रेमा जोडणारा लेकीकडे राहायला यायचा, तोही मागच्या दाराने. दोघं शहाणीसुरती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कायद्याने तो गुन्हा नव्हता. पण गुन्हा नाही म्हणून लोक सोडतात थोडेच!

जावयाच्या घरी एक बाई राहत होती, ते चाललं. "माझे गुडघे धरलेत, मला बघायला ठेवलीय तिला," असं त्याच्या आईने पिंजऱ्यात उभं राहून थंडपणे सांगितलं. बाई कोणासाठी ठेवलीय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, पण कोर्टात कोणी पुढे विचारलं नाही.

मग आईची पाळी आली. जावयाचा वकील आधी गोडगोड बोलला.

"आजी, मुलीकडे कोणी पुरुष येतात का?"

आई गप्प. वकीलबाईचा जीव भांड्यात पडत होता, तोच तो हसून म्हणाला, "गप्प आहात म्हणजे येत असतील. बरं, किती जण येतात?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली पोर काय बाजारात बसलीय?

"किती जण काय विचारता? एकच येतो! दोन वर्षं झाली, दुसऱ्याची सावली पडलेली नाही दारात. शनिवारी येतो, नवऱ्यासारखा राहतो. लग्नच करणार आहेत दोघं!"

लग्नाचं लेक कधी बोललीच नव्हती. एकदा करून पोट भरलं, म्हणायची. लेकीची अब्रू झाकायला आईने ते आपल्या मनचं घातलं, आणि पहिलं लग्न अजून मोडलेलं नाही हे रागाच्या भरात विसरली. वकीलबाईने डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी आईच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि भिंगरी बापाला दिली. तिकडे म्हणे पोरीवर चांगले संस्कार होतील. खोटं बोललेली जावयाची आई नातीचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या भराभर उतरली. गुडघ्यांचं दुखणं त्या दिवशी कुठे पळालं होतं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाला भेटायला आला, सवयीप्रमाणे मागच्या दाराशी. लेकीने पुढचं दार सताड उघडलं.

"इकडून ये."

तो अवघडून उंबऱ्यात उभा राहिला. समोरच्या गॅलरीत दोन बायका वाळत घातलेले कपडे उगाचच चाचपत होत्या. आई लगबगीने उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढला.

"कशाला गं आई?"

"लोक बघतायत."

"बघू दे," लेक म्हणाली. "आता न्यायला काय राहिलंय?"

आईचा हात पडद्यावरच राहिला. खाली कोपऱ्यात भिंगरीच्या घरातल्या चपला पडल्या होत्या. त्या द्यायच्या राहून गेल्या होत्या.