हुमणीला दिलेला हुकूम

मे संपता संपता विदोसावाच्या वाफ्यांतली मिरचीची रोपं एकेक करून माना टाकू लागली. उपटून पाहावं तर रोप अलगद हातात यायचं, कारण खाली मूळच उरलेलं नसायचं. तिनं खुरपं घालून माती उकरली. आत पांढऱ्या, गुबगुबीत, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंगाचं वेटोळं करून सुखात पडल्या होत्या. हुमणी.

लेस्कोवात्सकडच्या त्या गावात मिरची जाणं म्हणजे नुसतं पीक जाणं नव्हे. सप्टेंबरात लाल गोड मिरच्या भाजून, सोलून, तासन्‌तास ढवळून आयवार नावाची चटणी करतात, आणि विदोसावाच्या आयवारापुढे बाकीच्या बायका आपल्या बरण्या झाकून ठेवत. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिचा सगळा रुबाब या बरण्यांवरच चालला होता. बी माझ्या माहेरचं, असं ती सगळ्यांना सांगे. चाळीस वर्षांत तिनं बाजारातून एक मिरची विकत आणली नव्हती, आणि जे आणतात त्यांच्याबद्दल ती काय बोलते हे गावाला पाठ होतं. आता पिशवी घेऊन त्याच बाजारात उभं राहायची वेळ आली, तर गाव काय बोलेल हे तिलाही पाठ होतं.

तिनं चुलीतली राख टाकली, हुमणीनं ती मानली नाही. मग गुडघ्यांवर बसून अळ्या वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवल्या. पहिल्या दिवशी सत्तर निघाल्या, दुसऱ्या दिवशी नव्वद. कोंबड्या सोडल्या, तर त्यांनी अळ्यांबरोबर धड रोपंही उकरून ठेवली.

राहता राहिला दोष, आणि तो द्यायला शेजारी होताच. कुंपणापलीकडची तिहोमिरची बाग तीन वर्षं पडीक होती. बायको स्ताना गेल्यापासून त्यानं तिथं कुदळ लावली नव्हती. गवत गुडघाभर वाढलेलं आणि हा ओसरीवर खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसलेला. त्याच्या गवतात किडे पोसले जातात आणि जेवायला माझ्याकडे येतात, असं विदोसावानं दुकानात सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, बसथांब्यावरही सांगितलं. फक्त तिहोमिरला सांगितलं नाही.

शेवटी तिनं फादर गाव्रिलोंना बोलावलं. किडीवर संत ट्रिफुनची प्रार्थना असते. फादर वाफ्यांमध्ये उभे राहिले, अळ्या, भुंगेरे, टोळ, उंदीर अशी सगळ्यांची नावं घेतली आणि खणखणीत आवाजात हुकूम दिला की इथून निघा आणि जिथं काही पिकत नाही अशा ओसाड जागी जा. चारी कोपऱ्यांत पवित्र पाणी शिंपडलं. फादर ‘ओसाड’ म्हणाले तेव्हा विदोसावानं कुंपणाकडे पाहिलं. अगदी थोडंसंच, पण पाहिलं.

तिहोमिर कुंपणाला टेकून उभा होता. रेडिओ बंद होता.

"फादर, ओसाड जागा म्हणजे कुठली?"

फादर म्हणाले, डोंगरातली वगैरे.

"डोंगर नऊ किलोमीटरवर आहे. हुमणी दिवसाला किती चालते?"

फादरना एकदम घाई झाली. ते पुस्तक पिशवीत घालू लागले. तिहोमिर विदोसावाकडे वळला. "ही स्तानाची बाग आहे. चाळीस वर्षं तिनं खणली. आणि तू, विदा, तिच्या बागेत फादरकडून किडे सोडतेस?"

"मी कुठं सोडले? तुझ्याकडचेच होते. घरी परत गेले."

तिहोमिरनं मागे वळून गुडघाभर गवताकडे पाहिलं. मग म्हणाला की शनिवारी नांगर घालतो, काय निघतंय ते गावानं येऊन बघावं.

शनिवारपर्यंत विदोसावानं हिशेब मांडून पाहिला. अळ्या निघाल्या तर तिहोमिर म्हणणार, या तूच पाठवल्यास. नाही निघाल्या तर त्या पहिल्यापासून हिच्याच. दोन्हीकडून थोबाड तिचंच फुटणार होतं. फादरची गोष्ट वेगळी. अळ्या भरपूर निघाव्यात अशी ते मनापासून आस लावून होते.

शनिवारी निम्मं गाव जमलं. तिहोमिरनं पॉवर टिलर चालू केला. गवत उलटलं आणि खालून काळीभोर माती वर आली. गांडुळं निघाली, स्तानाचं एक गंजलेलं खुरपं निघालं. ते त्यानं पुसून खिशात ठेवलं. टिलरच्या मागे करकोचे चालत होते आणि त्यांचीही निराशा होत होती. सगळी बाग पालथी घातल्यावर मोजून दोन हुमण्या मिळाल्या. तिहोमिरनं त्या बशीत घालून फादरपुढे धरल्या.

"या दोघींनीच तुमचं ऐकलं, फादर. बाकीच्यांना परत सांगावं लागेल."

लोक हसले. फादरही हसले, पण जरा उशिरा.

मग तिहोमिरनं विदोसावाच्या फाटकावरच्या मोठ्या बल्बकडे बोट दाखवलं. तीन वर्षांपूर्वी मिरचीचोरांच्या भीतीनं तिनं तो लावला होता. चोर एकही आला नाही, पण दर मे महिन्यात रानातले हुमणीचे भुंगेरे त्यावर गारांसारखे तडतडतात, हे उशीवर पडल्या पडल्या तो ऐकत आला होता. खाली तिची खत घातलेली, भुसभुशीत, ओली माती. अंडी घालायला त्यांना आणखी काय हवं?

विदोसावाला लाज वाटली. ती घरी गेली, स्टुलावर चढली आणि बल्ब काढला.

दुपारी तिहोमिर कुंपणापाशी आला. "लावायची रोपं पेट्यांत किती राहिलीत?"

"दीडशे."

"मग आण. जमीन तयार आहे."

 तो पुढं म्हणाला, "बी तर स्तानाचंच आहे. तुझ्या लग्नाच्या वर्षी रुमालात बांधून दिलं होतं तिनं. तू माहेरचं म्हणून सांगतेस, सांग. मी कधी काही बोललो का?"

चाळीस वर्षं याला ठाऊक होतं. आणि ही बसथांब्यावर त्याच्या गवताबद्दल बोलत होती. विदोसावानं मान खाली घातली आणि पेट्या आणायला गेली.

सप्टेंबरात तिच्या अंगणात आयवार ढवळला गेला. बायका चाखायला आल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं की असा तर कधीच झाला नव्हता. एकीनं मुद्दाम विचारलं, यंदा मिरची कुठून आणली म्हणून.

"बाजारातून नाही," विदोसावा तोऱ्यात म्हणाली. पलीकडे तिहोमिरनं रेडिओचा आवाज बारीक केला. ती ढवळत राहिली. मग झारा कढईच्या काठाला टेकवून म्हणाली, "स्तानाची आहे. पहिल्यापासून तिचीच होती."