घोडेस्वाराचं नाव

गजेंद्रने लाल फडक्याची पुरचुंडी तळहातावर घेतली आणि तो थबकला.

"वैनी, टाक इतला जड?"

"मन्हा सासराना वखतना शे, भाऊ. तवयनी चांदी खरी," पुष्पाबाई म्हणाल्या. आताच्या चांदीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

बारा दिवसांवर त्यांच्या मुलाचं, योगेंद्रचं लग्न आलं होतं. घरात सून येणार आणि देव्हाऱ्यातल्या खंडोबाला नाक-डोळेच उरले नाहीत, हे पुष्पाबाईंना चालण्यासारखं नव्हतं. झिजलेला देव पुजत नाहीत. नवा टाक घडवायचा आणि जुना नदीत सोडायचा. दोन्ही कामं त्यांनी गजेंद्रवर टाकली होती, कारण चांदीतलं त्याला कळतं हे सुरतेतल्या अख्ख्या नवागामला ठाऊक होतं. नवा टाक तो सोनाराकडून घेऊनच आला होता. आता तापीच्या पुलावरून जुना सोडला की तो मोकळा.

गजेंद्र गोडादऱ्याच्या एका लूमखात्यात मास्टर. रुसलेले माग ताळ्यावर आणणं हा त्याचा धंदा, आणि युरोपातली तीन-चारशे वर्षांपूर्वीची चांदीची नाणी गोळा करणं हे वीस वर्षांचं वेड. रविवारी चौकात नाणीवाले जमायचे. डॉक्टर-वकील भिंगं पुसत बसायचे, तोवर हा नाणं कडेने धरून, "ओतीव आहे, नकली; ठेवून द्या," असं सांगून चहा मागवायचा. बहुतेक वेळा त्याचंच खरं निघे, आणि निघालं की तो ते आठवडाभर सगळ्यांना सांगे. त्याच्या वहीत सिंहाचं नाणं होतं, क्रूसाचं होतं, केसांचा टोप घातलेला राजासुद्धा होता. नव्हता तो फक्त हॉलंडचा घोडेस्वार. त्याच्यासाठी राखलेला कप्पा अकरा वर्षं रिकामा होता.

त्याने गाठ सोडली आणि हळद फुंकून बाजूला केली. उधळलेला घोडा. वर उगारलेली तलवार. कडेने झिजलेली परदेशी अक्षरं. घोड्याच्या पायांखाली मुकुटाची ढाल होती; ती झिजून झिजून खंडोबाच्या कुत्र्यासारखी दिसू लागली होती. गजेंद्रने त्याला पाहताक्षणी ओळखलं.

"झिजी गया ना पुरा?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"झिजलाय," तो म्हणाला. एवढं तरी खोटं नव्हतं.

पुरचुंडी खिशात घालून तो जिना उतरला. तापी काही पावती देत नाही. पुष्पाबाईंना हा टाक घरात नको होता, त्याला तो जिवापाड हवा होता. कुणाचं काय बिघडत होतं? टाकून दिलेलं उचललं तर ती चोरी कशी? हे सगळं त्याला पटत होतं, आणि पटतंय याचाच त्याला राग आला. सुरतेत आला तेव्हा वैनींच्या याच खोलीत तो आठ महिने राहिला होता. पुष्पाबाईंच्या नवऱ्याने, भाईदासने, त्याला माग शिकवला होता आणि रोज पाळीला निघताना हळदीने माखलेल्या याच टाकाला हात जोडून गजेंद्र घराबाहेर पडायचा.

त्याने चालू केलेली गाडी बंद केली. सांगून टाकू, त्याने ठरवलं. देव नाही असं कळलं की वैनी आपण होऊनच म्हणतील, ठेवा तुम्हाला. याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. जिना चढून तो परत वर गेला.

"वैनी, हाऊ खंडोबा नई शे."

पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय शे मंग?"

नाण्यांचा विषय निघाला की गजेंद्रच्या तोंडून छापील मराठी सुरू होई. "हे हॉलंडचं नाणं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. डच लोक सुरतेत व्यापाराला यायचे, चांदी घेऊन. बरीच नाणी इथेच वितळली. एखादं बऱ्हाणपूरच्या वाटेने खानदेशात गेलं असेल, आणि तुमच्या घरातल्या कुणाला तरी त्यात देव दिसला."

त्याने पुरचुंडी सोडून नाणं त्यांच्यापुढे धरलं. पुष्पाबाईंनी ते उजेडात उलटंपालटं केलं. त्यांना वाईट वाटेल, राग येईल, या तयारीने तो उभा होता. त्यांना यातलं काहीच झालेलं दिसेना.

"म्हंजे हाऊ परदेशना पाहुना."

"हो."

"मंग बुडावाना कसाले? झिजेल देव पानीमा सोडतस. पाहुना झिजना म्हनीसन त्याले कोनी पानीमा सोडस का?"

वीस वर्षांत नाण्यावरून गजेंद्रला कुणी असं हरवलं नव्हतं. मघाशी गप्प राहिलो असतो तर, हा विचार त्याच्या मनात आला. त्याने तो लपवला नाही, स्वतःपासून तरी नाही. जीव तुटलाच त्याचा.

पुष्पाबाई उठल्या. नव्या टाकाला त्यांनी जरा उजवीकडे सरकवलं, जागा केली आणि नाणं शेजारी टेकवलं. मग हात जोडता जोडता थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"भाऊ, तुमले समदं माहीत शे. यानं खरं नाव काय?"

गजेंद्रला सगळे राजे पाठ होते, सगळ्या टांकसाळी पाठ होत्या.

"नाव नाही, वैनी. कुणी राजाबिजा नाही. नुसता घोडेस्वार आहे."

"नाव नई?" पुष्पाबाई म्हणाल्या. "मंग आमनंच नाव ऱ्हाऊ द्या."