लॉकलनची घोंगडी

"टेबल हटव गं, मर्डीनाआत्या!" बस चालवणाऱ्या रॉरीने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "मागे बत्तीस पर्यटक बसलेत!"

"मला दहाच पुरेत," मर्डीना म्हणाली आणि रस्त्याच्या मधोमध मांडलेल्या बाकावर ऐसपैस बसली.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाला वळसा घालणारा तो रस्ता तिथे इतका चिंचोळा, की समोरून गाय आली तर बस किंवा गाय, एकीला समुद्रात उतरावं लागे. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने बारा फुटी टेबल तिथवर आणलं कसं? ती म्हणे, टेबल आपणहून चालत आलं.

टेबलावर ओली घोंगडी होती, हिवाळाभर बसून मर्डीनाने स्वतः विणलेली. नवं विणलेलं कापड विरळ असतं. ते भिजवून, दहाजणांनी गोल बसून, स्कॉटिश पूर्वजांची गेलिक गाणी म्हणत टेबलावर आपटायचं, तेव्हा कुठे ते घट्ट होतं. पण दरीतली माणसं पोटासाठी पश्चिमेला गेली होती. आणि तिचा भाऊ लॉकलन शहरातल्या इस्पितळात होता. शवपेटीत विकतचं पांघरूण चालणार नाही, असं त्याने बजावलं होतं. गुरुवारपर्यंत थांबतो, पुढचं सांगता येत नाही, असाही निरोप होता. आज बुधवार.

"चारला यांना फिडलवादनाच्या कार्यक्रमाला पोचायचंय. तिकिटं काढलीत!"

"फिडल ऐकून हात गरम होतात का? उतरव त्यांना. तुझ्या बापाचा लंगोटसुद्धा ह्याच टेबलावर आपटलाय आम्ही."

पाहुणे हसत उतरले. ओहायोच्या एका निवृत्त दंतवैद्याने नाकाला रुमाल लावला. "आजी, हे भिजवलंय कशात?"

"घरचंच आहे. महिनाभर साठवलंय."

जुन्या रीतीप्रमाणे लघवीच, हे रॉरीला कळून चुकलं आणि तो समुद्राकडे बघत राहिला.

मर्डीनाने गाणं उचललं. दहाजणांनी "हो रो" हे धृपद म्हणत कापड आपटायला घेतलं. आपटायचं आणि शेजाऱ्याकडे सरकवायचं, सूर्य फिरतो त्याच बाजूने. दंतवैद्य रंगात आला आणि त्याने कापड उलटीकडे ढकललं.

मर्डीनाचा हात टेबलावर पडला. "थांबा! उलटं फिरलं की केलेलं सगळं सुटतं. पहिल्यापासून!"

"गंमतच आहे की हो, आजी!" तो हसला.

"गंमत नाही, दादा. ही माझ्या भावाच्या अंगावर जायची आहे. शेवटची."

त्याने रुमाल खिशात घातला. मग मात्र कुणी नाक धरलं नाही. पहिल्यापासून गाणं झालं, मग दुसरं, तिसरं. गोऱ्या तळहातांचे टोमॅटो झाले. तिसरं संपल्यावर मर्डीनाने मधल्या बोटाच्या लांबीने रुंदी मोजली. आठ बोटं हवी होती. नऊ भरली; कापड अजून आटायला हवं होतं.

रॉरीने घड्याळ दाखवलं. "आत्या, आता खरंच निघायला हवं गं. उद्या आणतो की दुसरी माणसं."

"उद्या घोंगडी वाळायची आहे. जा तू. तुझा काही दोष नाही."

पुरुषांनी टेबल उचलून कडेच्या गवतात ठेवलं, बाकं लावून दिली. दंतवैद्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. बस निघाली.

वळणावर रॉरीने आरशात पाहिलं. मर्डीना बाकाच्या पहिल्या जागी बसून कापड आपटत होती. आपटून झालं की डाव्या हाताला सरकवत होती, उठून शेजारच्या जागेवर बसत होती आणि तिथून पुन्हा आपटत होती. तोंडाची उघडमीट चालली होती. गाण्याची ओळही ती एकटीच म्हणत असणार आणि मागचं "हो रो"ही.

रॉरीने बसमधलं फिडलचं संगीत बंद केलं.