चुकलं

"यांना झोपू देऊ नका. काहीही बोला, पण बोलतं ठेवा," नर्स म्हणाली आणि दादाच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा पुन्हा फुगवू लागली.

काहीही बोला म्हणे. धाकट्याला आयुष्यात दादापुढे एक वाक्य कधी धड पुरं करता आलं नव्हतं. तो बेकरीतून तसाच पळत आला होता, कोपरापर्यंत मैदा घेऊन. समोरच्या गॅरेजमध्ये जॅक सरकला होता आणि खाली काम करणाऱ्या दादाच्या छातीवर गाडी बसली होती. चौघांनी गाडी उचलून त्याला ओढून काढलं. कुणीतरी म्हणालं, ब्रेक लागला नसेल. तेव्हा जमिनीवर पडल्या पडल्या दादा म्हणाला होता, "चुकलं. ब्रेकचा काय संबंध?"

आता अँब्युलन्समध्ये त्याचे डोळे मिटत चालले होते.

गॅरेजमधले कारागीर पाठीमागे त्याला 'चुकलं' असंच म्हणायचे. गाडीबरोबर तो गिऱ्हाइकाची माहितीही दुरुस्त करून द्यायचा, आणि ते काम फुकट असायचं. कुठला देश कुठे आहे, कुठला पदार्थ मुळात कुठून आला, कुठल्या सिनेमाच्या शूटिंगमध्ये काय गंमत झाली, सगळं त्याला पाठ. धाकट्याच्या लग्नात सासरेबुवा चारचौघांत कौतुकानं सांगत होते की त्यांचा पुतण्या ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत असतो, सिडनीला. हा लगेच म्हणाला, "चुकलं. राजधानी कॅनबेरा." सासरेबुवांचं तोंड एवढंसं झालं. त्यावरून धाकट्यानं दादाशी बरेच दिवस अबोला धरला होता. दादाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"तुमचं नाव सांगा, काका. आज वार कोणता?" नर्सनं कानाशी वाकून विचारलं. दादा गप्प.

"दादा, जगातला सगळ्यात लहान देश कोणता रे?" धाकट्यानं विचारलं. हा दादाचा हातखंडा विषय, कुणी विचारलं की सांगता सांगता दुसरा कप चहा घेऊनच उठायचा. पण आता पापण्या जड होऊन खाली आल्या.

पुलाच्या तोंडाशी ट्रक आडवा झाला होता. अँब्युलन्सचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, खिडकीतून हात काढून ओरडत होता. पुढचं काहीच हलत नव्हतं. पुलापलीकडे हॉस्पिटलची पांढरी इमारत स्पष्ट दिसत होती, आणि तेच धाकट्याला सहन होईना.

घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, तसा तो बोलत सुटला. "तुला काही होत नाही, दादा. बरा झालास की आपण फिरायला जाऊ. लांब जाऊ. ऑस्ट्रेलियाला जाऊ, ती राजधानी बघू एकदाची, सिडनी..."

दादाच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले.

"चुकलं."

"काय?"

"कॅनबेरा."

"बोलले," नर्स म्हणाली. "काय केलंत ते परत करा."

धाकट्याच्या डोक्यात उजेड पडला. दादा प्रश्नाला बधणार नव्हता, पण चूक त्याला मेल्यावरही सहन झाली नसती. धाकटा पुढे सरकला.

"टोमॅटो भाजी आहे, दादा."

"चुकलं. फळ."

"गाडीचा वायपर एका ड्रायव्हरनं शोधून काढला."

"बाईनं... एका बाईनं."

"जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात रक्त म्हणून शाई ओतायचे."

"चॉकलेट," दादा म्हणाला. त्याच्या ओठांच्या कडेला खरंच रक्त आलं. नर्सनं ते कापसानं टिपलं आणि समोरच्या यंत्राकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा भाव धाकट्याला आवडला नाही.

"आफ्रिका हा एक देश आहे."

"चुक..."

"केळीचं झाड असतं, रोप नाही. बटाटा आपल्याकडचाच. ऐकतोयस ना? मध नासतो, दादा. महिन्याभरात नासतो."

दादानं मान हलवल्यासारखं केलं. नाही म्हणाला असावा.

आणि धाकट्याचं संपलं. चुकायलासुद्धा बरोबर काय ते माहीत असावं लागतं. तो डोकं खाजवत राहिला, पण जे जे आठवत होतं ते सगळं दादानंच कधीतरी सांगितलेलं होतं, जेवताना, दाढी करताना, याला नको असताना. तेव्हा नीट ऐकलं असतं तर आता पुरलं असतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"बोला ना," नर्स म्हणाली. "थांबू नका."

पुढे ट्रकनं धूर सोडला, किंचित हलला आणि पुन्हा अडला.

धाकट्यानं दादाचा हात दोन्ही हातांत धरला. नखांत काळं ग्रीस होतं, त्यावर मैदा लागला. "ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी," तो मोठ्यानं म्हणाला. "सासरेबुवा म्हणत होते तेच बरोबर. सिडनी."

दादानं डोळे उघडले. बराच वेळ तो भावाकडे बघत राहिला, अगदी ओळखीनं.

"असेल," तो म्हणाला. "असेल, बाबा. सिडनी."

"असेल काय? दादा, चुकलंय माझं. मुद्दाम चुकलोय मी. चुकलं म्हण. एकदा म्हण ना रे."

दादानं त्याचा हात थोडा दाबल्यासारखं वाटलं. मग तेही वाटेना.

नर्सनं यंत्राकडे पाहिलं आणि दोन्ही हात दादाच्या छातीवर ठेवले. छाती आधीच मोडलेली होती. तिनं क्षणभर तसेच ठेवले, मग दाबायला लागली. तेवढ्यात ट्रक निघाला आणि अँब्युलन्स सुसाट सुटली. पूल कधी आला नि गेला, कळलंही नाही.

हॉस्पिटलच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन आली, पण घाई करायचं कारण उरलं नव्हतं. नर्सनं पट्टा सोडवून गुंडाळला. "शेवटपर्यंत बोलत होते," ती हळू आवाजात म्हणाली. एवढंच तिला देता येण्यासारखं होतं.

स्ट्रेचर आत गेलं. धाकटा पायरीवर बसला. वहिनीला फोन करायचा होता, पण पिठाच्या हातांनी बटणं दाबली जात नव्हती.

"कॅनबेरा," तो म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. "चुकलं, दादा. कॅनबेरा."